महासामंत पुल्लशक्ती : तगरपूरचे बिरुद आणि कान्हेरीचे धम्मदान

पुल्लशक्ती हा नवव्या शतकातील उत्तर कोकणचा शिलाहार राजा. तो स्वतंत्र सम्राट नव्हता, तर मान्यखेटच्या राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष (पहिला) याचा मांडलिक, म्हणजे ‘महासामंत’ होता. शालेय पुस्तकात त्याचे नाव बहुधा सापडत नाही. त्याच्या नावावर मोठी लढाई नाही, भव्य मंदिर नाही, दरबारी काव्यही नाही. तरीही महाराष्ट्रातील बौद्ध धम्माचा इतिहास समजून घेणाऱ्या प्रत्येकाला हा राजा माहीत असायला हवा. त्याच्या आणि त्याचा मुलगा कपर्दी (दुसरा) याच्या काळात कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले तीन शिलालेख एक गोष्ट निर्विवादपणे सांगतात : नवव्या शतकाच्या उत्तरार्धातही महाराष्ट्रात भिक्खू संघ नांदत होता, ग्रंथ जपत होता, चीवरदान स्वीकारत होता आणि दूर बंगालमधून आलेले उपासक तिथे दान देत होते.

या राजघराण्याचे मूळ धाराशिव जिल्ह्यातील तेर गावाशी जोडलेले आहे. म्हणून हा विषय केवळ मुंबई-ठाण्याचा नाही, मराठवाड्याचाही आहे.

थोडक्यात परिचय

घराणे : शिलाहार (उत्तर कोकण शाखा)
वडील : कपर्दी (पहिला)
पुत्र व वारस : कपर्दी (दुसरा), वंशजांच्या लेखांत ‘लघुकपर्दी’
पद : महासामंत
सम्राट : राष्ट्रकूट अमोघवर्ष (पहिला), राज्यकाळ इ.स. ८१४ ते ८७८
प्रदेश : पुरी-कोकण, म्हणजे आजचा स्थूलमानाने मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगडचा भाग
शिलालेख : कान्हेरी, शक ७६५ (इ.स. ८४३-४४)
घराण्याचे मूळ स्थान : तगर, म्हणजे आजचे तेर, जि. धाराशिव

तगर म्हणजे तेर

तेर हे गाव धाराशिव शहराच्या ईशान्येला, तेरणा नदीच्या काठी आहे. आज ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ओळखले जाते. पण त्याचा इतिहास त्याहून हजार-बाराशे वर्षे मागे जातो. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात दख्खनमधील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे : पैठण आणि तगर. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तिथून कापड गाड्यांमधून भडोच बंदराकडे जाते, असे त्यात नोंदवले आहे.

हे तगर नेमके कुठले, यावर विद्वानांत बराच काळ वाद होता. जुन्नर, देवगिरी, दारूर अशी नावे पुढे आली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मांडले आणि पुढे हेन्री कझिन्स यांनी प्रत्यक्ष गावात येऊन केलेल्या पाहणीने त्याला बळ मिळाले. नंतरच्या उत्खननांत सातवाहन काळातील वस्ती, रोमन जगाशी व्यापाराचे पुरावे, मातीच्या मूर्ती, शंख आणि हस्तिदंताच्या वस्तू मिळाल्या. गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात यातील मोठा ठेवा पाहायला मिळतो. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची जवळची नातेवाईक मानली जाते.

बौद्धांच्या दृष्टीने तेरचे महत्त्व आणखी आहे. उत्खननात इथे विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. गावातील त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार, म्हणजे गजपृष्ठाकार आहे आणि बांधकाम विटांचे आहे. हा आराखडा चैत्यगृहाचा असून मूळ वास्तू बौद्ध असावी, असे कझिन्स यांनी मांडले. कार्ले, भाजे इथे जे चैत्यगृह डोंगर कोरून केले, तेच मैदानात विटांनी बांधले तर कसे दिसेल, हे समजून घ्यायचे तर तेरला जावे. विटांची इतकी जुनी वास्तू उभी राहणे ही महाराष्ट्रात फार दुर्मीळ गोष्ट आहे.

बिरुदाचा अर्थ

शिलाहारांच्या तीन मुख्य शाखा होत्या : उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. यांपैकी उत्तर कोकण आणि कोल्हापूर शाखांच्या ताम्रपटांत तगराचे बिरुद येते. उत्तर कोकणचे राजे स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणवतात, तर कोल्हापूरचे ‘तगरपुरवराधीश्वर’. म्हणजे ‘श्रेष्ठ अशा तगर नगराचा स्वामी’.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. या बिरुदाचा अर्थ हे राजे तेरवर राज्य करत होते असा नाही. ते ठाण्यात आणि कोल्हापुरात राज्य करत होते. तेर त्यांच्या ताब्यात नव्हते. बिरुद हे घराण्याच्या मूळ गावाची आठवण म्हणून मिरवले जाई. आजही गाव सोडून पिढ्या लोटल्या तरी आडनावात गावाचे नाव राहते, तसाच हा प्रकार, फक्त राजेशाही थाटाचा.

गंमत अशी की सम्राटांचेही तसेच होते. राष्ट्रकूट राजे ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद घेत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे सम्राट आपले मूळ लातूरला सांगत होता आणि त्याचा मांडलिक तेरला. ही दोन्ही गावे मांजरा-तेरणेच्या एकाच खोऱ्यातली. ज्या भागाला आज आपण मागास, दुष्काळी म्हणून ओळखतो, त्या भागाचे नाव मिरवण्यात नवव्या ते बाराव्या शतकांतील राजघराण्यांना प्रतिष्ठा वाटत होती.

जीमूतवाहनाचा वंश

शिलाहार स्वतःला विद्याधर राजपुत्र जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात. कथा अशी : गरुडाला दररोज एक नाग खायला द्यावा लागे. एका नागाची पाळी आली तेव्हा त्याच्या आईचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन स्वतः त्याच्या जागी शिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार, म्हणून ‘शिलाहार’ अशी नावाची व्युत्पत्ती दिली जाते. त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता, तोही याच कथेतून आलेला.

ही वंशकथा म्हणजे इतिहास नव्हे. सगळ्याच मध्ययुगीन घराण्यांनी अशा कथा रचून घेतल्या. कुणी चंद्राचा वंशज झाला, कुणी सूर्याचा. पण शिलाहारांनी निवडलेली कथा लक्षात घेण्यासारखी आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाने याच जीमूतवाहनावर ‘नागानंद’ नाटक लिहिले आणि त्याची नांदी बुद्धाच्या स्तुतीने सुरू होते. चिनी भिक्खू इत्सिंग याने या राजाने बोधिसत्त्व जीमूतवाहनाची कथा काव्यात आणली असे नमूद केले आहे. दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःचा देह देणे ही जातककथांमधली दानपारमिता. शिलाहार बौद्ध होते असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र त्या काळात राजघराण्याला शोभेल असा पूर्वज निवडताना करुणेचा आदर्श निवडला गेला, आणि तो आदर्श बौद्ध साहित्यात रुजलेला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

महासामंत म्हणजे काय

राष्ट्रकूट सम्राट गोविंद (तिसरा) याच्या काळात, आठव्या शतकाच्या अखेरीस किंवा नवव्याच्या आरंभी, पुल्लशक्तीचे वडील कपर्दी यांना उत्तर कोकणचा कारभार मिळाला. या प्रदेशाला ‘पुरी-कोकण’ म्हणत आणि त्यात चौदाशे गावे मोजली जात. राजधानी पुरी म्हणजे घारापुरी की दुसरे एखादे ठिकाण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

सामंताचे पद म्हणजे आजचा जिल्हाधिकारी नव्हे आणि स्वतंत्र राजाही नव्हे. त्याची गादी वंशपरंपरेने चाले. त्याचे स्वतःचे अमात्य, सैन्य आणि महसूल असे. पण सम्राटाला खंडणी देणे, युद्धात फौज घेऊन जाणे आणि दरबारी हजर राहणे त्याला भाग होते. मोठ्या सामंतांना पाच वाद्ये वाजवत मिरवण्याचा मान मिळे. त्याला ‘पंचमहाशब्द’ म्हणतात. सगळ्यात ठळक खूण म्हणजे लेख कोरताना आधी सम्राटाचे नाव, मग आपले. कान्हेरीच्या लेखांतही हाच क्रम आहे. आधी अमोघवर्षाचे राज्य, मग त्याच्या कृपेने कोकणचा कारभार पाहणारा महासामंत, आणि मग प्रत्यक्ष दान देणारा माणूस.

म्हणजे एकाच शिळेवर सत्तेचे तीन थर दिसतात. सम्राट अमोघवर्ष जैन आचार्यांना मानणारा, तरी महालक्ष्मीलाही भजणारा. सामंत शैव परंपरेच्या घराण्यातला. आणि दान मिळते आहे बौद्ध संघाला. या तिघांचे श्रद्धास्थान वेगळे, तरी दानाला राजमान्यता आहे.

अमोघवर्षाचे राज्य सुमारे ६४ वर्षे चालले. म्हणूनच पुल्लशक्ती आणि त्याचा मुलगा, दोघांच्याही लेखांत एकाच सम्राटाचे नाव येते. इ.स. ८५१ च्या सुमारास अरब व्यापारी सुलेमान याने राष्ट्रकूट राजाला ‘बल्हारा’ म्हटले आणि जगातल्या चार मोठ्या राजांत त्याची गणना केली. अशा साम्राज्याची पश्चिमेची बंदरे शिलाहारांच्या हाती होती. सोपारा, ठाणे, चौल इथला व्यापार हा त्यांच्या सत्तेचा खरा पाया होता. आणि व्यापारी मार्गांवर बौद्ध विहार असणे ही तर सातवाहन काळापासूनची रीत.

कान्हेरीचे तीन शिलालेख

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, जुन्या प्राकृत लेखांत ‘कण्हसेल’. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. सातवाहनांच्या काळापासून इथे संघाचे वास्तव्य होते. इ.स. ४९४-९५ च्या एका ताम्रपटात सिंध देशातून आलेल्या बुद्धरुचीने कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य बांधल्याची नोंद आहे. म्हणजे पुल्लशक्तीच्या आधी साडेतीनशे वर्षेही हे ठिकाण ‘महाविहार’ म्हणून ओळखले जात होते आणि दूरदूरचे लोक तिथे येत होते.

पहिला लेख : शक ७६५, इ.स. ८४३-४४. हा पुल्लशक्तीच्या काळातला. अक्षरे बरीच झिजली आहेत. विष्णुगुप्त नावाच्या व्यक्तीने कृष्णगिरीच्या संघाकडे द्रम्मांची ठेव ठेवली असे त्यात सांगितले आहे. द्रम्म म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे. या दानाचे हेतू चार : भगवान बुद्धाची पूजा, लेण्यांची दुरुस्ती, भिक्खूंची चीवरे आणि ग्रंथ.

चौथ्या हेतूकडे विशेष लक्ष द्यावे. पूजा, वस्त्र आणि डागडुजी यांसाठीची दाने इतरत्रही खूप आढळतात. पण ग्रंथांसाठी वेगळी तरतूद करावी लागते, याचा अर्थ तिथे वाचणारे, लिहिणारे, शिकवणारे भिक्खू होते. पोथ्या झिजत होत्या, नव्या नकला करायच्या होत्या. मोडकळीला आलेल्या, रिकाम्या विहारात कुणी ग्रंथांसाठी पैसे ठेवत नाही.

दुसरा लेख : शक ७७५, इ.स. ८५३-५४. आता पुल्लशक्तीचा मुलगा कपर्दी (दुसरा) गादीवर आहे. हा लेख ‘दरबार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ११ क्रमांकाच्या लेण्यात आहे. या लेण्यात दगडात कोरलेले लांब, बुटके बाक आहेत. भिक्खू समोरासमोर बसून अध्ययन किंवा भोजन करत असावेत, असा अंदाज आहे. दान देणारा आहे गोमिन अविघ्नाकर. तो गौड देशाचा, म्हणजे बंगालचा, आणि स्वतःला सुगताचा परम उपासक म्हणवतो. त्याने कृष्णगिरीवर भिक्खूंसाठी ध्यानगृह करवले आणि १०० द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली.

‘गोमिन’ हे नावाचा भाग नसून बौद्ध उपासकाची सन्मानदर्शक पदवी असावी. प्रसिद्ध व्याकरणकार चंद्रगोमिन याच्या नावातही ती आहे. गौड देशात तेव्हा पाल राजे होते आणि नालंदा भरात होती. याच सुमारास सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून पाल सम्राट देवपालाने नालंदेतील विहारासाठी गावे दिली होती. एका टोकाला इंडोनेशियातून नालंदेला दान येते, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपासक कोकणात येऊन दान देतो. नवव्या शतकातले बौद्ध जग असे जोडलेले होते आणि कान्हेरी त्या साखळीतली एक कडी होती.

तिसरा लेख : शक ७९९, इ.स. ८७७-७८. अमोघवर्षाच्या राज्याची अगदी अखेर. कपर्दी (दुसरा) अजून राज्य करतो आहे. याही लेखात ध्यानगृह आणि भिक्खूंच्या वस्त्रांसाठीचे दान नोंदवले आहे.

तीन लेखांमध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे. ही एखाद्या वेळची घटना नव्हे. पिढी बदलली, तरी दान चालू राहिले.

अक्षयनीवी : व्याजावर चालणारा विहार

‘अक्षयनीवी’ हा शब्द तरुण कार्यकर्त्यांनी ओळखून ठेवावा. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षय म्हणजे न संपणारे. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्च करायचे. आजच्या भाषेत कायमस्वरूपी निधी. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्खूंना चीवर देण्याची सोय केली होती. तीच पद्धत सातशे वर्षांनंतर कान्हेरीत चालू आहे.

यावरून संघाच्या कारभाराची कल्पना येते. ठेव स्वीकारायची, हिशेब ठेवायचा, ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामासाठी वापरायचा आणि तसे जाहीरपणे दगडावर कोरायचे. आज गावोगावी विहार उभे राहतात, लोकवर्गणीतून लाखो रुपये जमतात. पण विहार बांधून झाल्यावर रंगरंगोटी, वीजबिल आणि ग्रंथालय यांसाठी निधी नसतो. अनेक विहारांना वर्षातून दोन-तीन दिवसच कुलूप निघते. बाराशे वर्षांपूर्वीच्या उपासकाने दुरुस्ती आणि ग्रंथ यांची तरतूद आधीच करून ठेवली होती, हे आपल्या समित्यांनी लक्षात घ्यावे.

राजा बौद्ध होता का?

समाजमाध्यमांवर अशा विषयांवर लगेच ‘बौद्ध राजा’ असे शीर्षक दिले जाते. पुल्लशक्तीच्या बाबतीत तसे म्हणायला आधार नाही. कान्हेरीच्या लेखांत दान राजाने दिलेले नाही. एका दानात विष्णुगुप्त आहे, दुसऱ्यात बंगालचा उपासक. राजाचे नाव राज्यकर्ता म्हणून येते. पुढच्या शिलाहार राजांनी शिवमंदिरे बांधली. अंबरनाथचे शिवमंदिर याच घराण्याच्या काळातले, इ.स. १०६० चे. ब्राह्मणांना दिलेल्या गावांचे त्यांचे ताम्रपटही बरेच आहेत.

पण राजा बौद्ध नसल्यामुळे या लेखांचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. राजाश्रय संपला की धम्म संपला, असे सरसकट सांगितले जाते. कान्हेरीत मोठा राजाश्रय नसतानाही उपासकांच्या बळावर संघ टिकला होता. धम्म टिकवला तो नाणी मोजून देणाऱ्या सामान्य माणसांनी, हे इथे दगडावर लिहिलेले आहे.

दुसरा गैरसमज कालक्रमाचा. आठव्या शतकानंतर महाराष्ट्रातून बौद्ध धम्म नाहीसा झाला, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. कान्हेरीचे हे लेख त्याला थेट उत्तर देतात. कोल्हापूर शाखेतील राजा गंडरादित्य याने तर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिरज प्रदेशातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत (जिन) या तिघांची स्थापना केली आणि त्यांच्या पूजेसाठी जमिनी दिल्या. तोही मांडलिकच होता, कल्याणीच्या चालुक्यांचा. त्याच चालुक्यांच्या राज्यात, कर्नाटकातील डंबळ येथे, इ.स. १०९५ च्या शिलालेखात बुद्ध आणि तारादेवी यांच्या विहारांची नोंद आहे. धम्माचा ऱ्हास झाला, हे खरे. पण तो एका रात्रीत किंवा एका वादविवादात झालेला नाही. तो शतकानुशतके चाललेला, ठिकाणागणिक वेगळा आणि संघर्षाचा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचीन भारताच्या इतिहासाकडे क्रांती आणि प्रतिक्रांती या दृष्टीने पाहायला शिकवले. त्या दृष्टीने काम करायचे तर आधी तारखा आणि पुरावे हाताशी हवेत.

धाराशिवची लेणी आणि करकंडूची कथा

धाराशिव शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात सात लेण्यांचा समूह आहे. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची पाहणी करून ती जैन मानली. नंतरच्या काही अभ्यासकांनी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा आराखडा वाकाटककालीन अजिंठ्याच्या विहारांसारखा आहे हे दाखवून ही लेणी मूळ बौद्ध असून पुढे जैन झाली असे मत मांडले. मधला मोठा मंडप, भोवती भिक्खूंच्या खोल्या आणि मागे गर्भगृह, ही रचना आजही पाहता येते.

या लेण्यांचा सगळ्यात जुना साहित्यिक उल्लेख जैन मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात आहे. त्यात चंपेचा राजा करकंड तेरापूरजवळ येतो, तेथील राजा शिव त्याला भेटतो आणि दोघे डोंगरातील लेणे पाहतात. हे लेणे नील आणि महानील या विद्याधर बंधूंच्या वंशात घडल्याचे काव्य सांगते. काव्याचे संपादक हिरालाल जैन यांनी या विद्याधरांचा संबंध शिलाहारांशी जोडला, कारण शिलाहारही स्वतःला विद्याधरवंशीय आणि तगरचे म्हणवतात.

करकंड हे नाव बौद्धांना परके नाही. कुंभकार जातकात चार राजे प्रत्येकबुद्ध होतात, त्यात कलिंगचा राजा करंडू आहे. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रातही हे चौघे येतात. एकच व्यक्ती दोन्ही श्रमण परंपरांनी आपली मानली. धाराशिवच्या डोंगरात दोन परंपरांच्या खुणा एकत्र सापडाव्यात, याचे नवल वाटायला नको. म्हणूनच ‘लेणी आमची की तुमची’ या भांडणापेक्षा ‘लेणी वाचवायची कशी’ हा प्रश्न आधी घ्यावा. पाझरणारे पाणी, ठिसूळ खडक आणि मूर्तींवर फासला जाणारा शेंदूर-रंग यांना जैन-बौद्ध भेद कळत नाही.

घराण्याचा शेवट

इ.स. ९७३ मध्ये चालुक्य तैलप (दुसरा) याने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. उत्तर कोकणच्या अपराजित शिलाहाराने मात्र नव्या सम्राटाची नावाने चाकरी पत्करली नाही. त्याच्या इ.स. ९९७ च्या भादाणे ताम्रपटात जुन्या राष्ट्रकूट राजांची वंशावळ आदराने दिली आहे. घराणे पुढे आणखी अडीचशेहून अधिक वर्षे टिकले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांनी आधी कोल्हापूरची, मग कोकणची शाखा संपवली. कान्हेरीही हळूहळू ओस पडली. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये तिथे आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे

तेरचे वस्तुसंग्रहालय, त्रिविक्रम मंदिर आणि धाराशिवची लेणी एका दिवसात पाहून होतात. धम्मसहलीला दरवेळी अजिंठा-वेरूळच हवे असे नाही. जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांना आधी आपल्या गावाशेजारचा वारसा दाखवावा. ब्राह्मी आणि पुढच्या काळातील लिपी शिकण्याचे वर्ग आता अनेक शहरांत होतात. त्यात बसावे. लेण्यात गेल्यावर अक्षरांवर पाणी, खडू किंवा पावडर लावू नये. मूर्तीला हार घालण्यापेक्षा लेखाचे स्वच्छ छायाचित्र घेणे जास्त उपयोगाचे. आणि ‘अमुक राजा बौद्ध होता’ असा संदेश पुढे ढकलण्याआधी एकच प्रश्न विचारावा : लेखात दान कुणी दिले आहे?

पुल्लशक्तीच्या लेखात त्याचे उत्तर राजा हे नाही, उपासक हे आहे. धम्माचा इतिहास शोधताना सिंहासनाबरोबर त्याखालची ही नावेही वाचायला हवीत.